ज्याला कूळ नाही, त्याला न्याय कोण देणार?

अमेरिकेतील क्रीक लोकांच्या न्यायपद्धतीची कहाणी

एका गावात खून झाला आहे. गावात पोलीस चौकी नाही, कोर्ट नाही, वकील नाही, तुरुंग नाही. गावाला प्रमुख आहे, पण कोणाला फासावर चढवण्याचा अधिकार त्याला नाही. मग खुन्याला शासन कोण करणार? की ज्याच्या मनगटात जोर, त्याचेच राज्य?

अशा गावात बेबंदशाहीच माजणार, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटेल. पण अमेरिकेच्या आग्नेय भागात, आज ज्याला जॉर्जिया आणि अलाबामा म्हणतात त्या प्रदेशात, अशी गावे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. तेथील लोक स्वतःला मस्कोगी म्हणत. त्यांची गावे नदीनाल्यांच्या काठी वसलेली होती, म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यांना ‘क्रीक’ म्हणजे ‘ओढ्याकाठचे’ असे नाव दिले. कोलंबसाच्या चुकीमुळे ‘इंडियन’ हेही नाव त्यांना चिकटले आणि अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत ते आजतागायत टिकून आहे.

या लोकांचा न्याय कसा चालत असे, तो कोणी मोडला, पुन्हा कसा उभा राहिला आणि त्यात कोणाला जागा मिळाली नाही, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत. दूरदेशीची ही कहाणी आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

आईचे कूळ, मामाचा शब्द

क्रीक समाजाची पहिली ओळख म्हणजे कूळ. वारा, अस्वल, पक्षी, हरीण, बीव्हर, मगर अशी कुळांची नावे. मूल जन्मले की ते आईच्या कुळाचे. बाप दुसऱ्या कुळाचा, कारण एकाच कुळात लग्न करण्यास सक्त मनाई होती. मुलाला वळण लावण्याचा, वेळप्रसंगी शिक्षा करण्याचा अधिकार बापाकडे नव्हता, तो आईच्या भावाकडे होता. आपल्याकडे मामा लाड करण्यासाठी, तर त्यांच्याकडे मामा शिस्त लावण्यासाठी!

घर आणि परसातील शेत बाईचे. लग्नानंतर नवरा बायकोच्या माणसांत राहायला येई. पटले नाही तर दोघांपैकी कोणीही वेगळे होऊ शकत असे. नवरा आपले सामान उचलून निघून जाई. घर, शेत आणि मुले आईकडेच राहत.

कुळांच्या वर गाव. मस्कोगी भाषेत गावाला ‘तलवा’ म्हणत. १७९६ पासून १८१६ पर्यंत अमेरिकन सरकारचा प्रतिनिधी म्हणून बेंजामिन हॉकिन्स हा गृहस्थ या लोकांत राहिला. त्याने १७९८-९९ च्या सुमारास लिहून ठेवलेल्या टिपणात ३७ गावांची नोंद आहे: चॅटाहूची नदीच्या बाजूची १२ आणि कुसा व टॅलापूसा नद्यांच्या बाजूची २५. प्रत्येक गावाचा आपला चौक आणि त्या चौकात आपला पवित्र अग्नी. चौकाच्या चारही बाजूंना पुढून उघडे असे मांडव असत. गावप्रमुखाला ‘मिको’ म्हणत. मिको, त्याचे सल्लागार, म्हातारे मानकरी आणि लढवय्ये आपापल्या ठरलेल्या जागी बसत, एका झुडपाची पाने भाजून उकळलेले कडू काळे पेय पीत आणि मग गावाच्या प्रश्नांवर बोलणे चाले.

गोऱ्यांनी मिकोचे भाषांतर ‘राजा’ असे केले. पण हा राजा हुकूम सोडत नसे. त्याने समजवायचे, बाकीच्यांनी बोलायचे आणि सगळ्यांचे एकमत होईपर्यंत थांबायचे, अशी रीत होती. गावकामाला किंवा वार्षिक सणाला जो येत नसे त्याला दंड होई. परंतु खून, मारामारी, व्यभिचार या गोष्टी मिकोच्या अखत्यारीत नव्हत्या. त्या कुळांच्या होत्या.

खुनाला खून, पण कुठवर?

एका कुळातल्या माणसाने दुसऱ्या कुळातल्या माणसाला मारले, तर मेलेल्याच्या कुळाला एक जीव घेण्याचा हक्क प्राप्त होई. तो हक्कही होता आणि कर्तव्यही. रक्ताची भरपाई झाल्याशिवाय मेलेल्याच्या जिवाला शांती नाही, अशी समजूत होती. खुनी पळून गेला, तर त्याच्याऐवजी त्याचा भाऊ किंवा कुळातला दुसरा कोणी मारला जाऊ शकत असे.

हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला, हा कसला न्याय? प्रश्न रास्त आहे. परंतु या नियमाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. आपल्यातल्या कोणी खून केला तर निरपराध भावाचा जीव जाईल, ही धास्ती असल्यामुळे कुळातील वडीलधारी माणसे आपल्या तरुणांवर डोळा ठेवून असत. गुन्हा घडलाच, तर गुन्हेगाराला लपवण्याऐवजी त्याने स्वतः पुढे यावे म्हणून त्याचेच नातेवाईक त्याच्यामागे लागत.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक जीव गेला की हिशेब संपला. खुन्याच्या कुळाने त्याचा सूड घ्यायचा नाही, असा नियम होता. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर आणि हा न्याय यांत फरक आहे तो इथे. सूडाला शेवट नसतो. या नियमाने त्याला शेवट दिला होता. मेलेल्याच्या कुळाने ठरवले तर जिवाऐवजी वस्तूंच्या रूपाने भरपाई घेऊनही प्रकरण मिटवता येई.

याशिवाय आसऱ्याची सोय होती. क्रीक गावांचे दोन गट होते. लाल गावे युद्धाची, पांढरी गावे शांततेची. पांढऱ्या गावात माणसाचे रक्त सांडू नये, असा दंडक होता. जीव वाचवण्यासाठी पळालेला माणूस अशा गावात पोहोचला, तर तेथे त्याला आसरा मिळे. रागाच्या भरात निघालेल्यांना थंड व्हायला आणि मध्यस्थांना बोलणी करायला त्यामुळे वेळ मिळत असे.

स्त्रीला काय मिळाले, काय नाही

मातृवंश होता म्हणजे स्त्रीला सगळीकडे बरोबरीचा न्याय होता, असे मात्र आमच्या माताभगिनींनी समजू नये. चौकातल्या पंचायतीत पुरुषच बोलत. काडीमोड दोघांनाही घेता येई, पण हॉकिन्स लिहितो की पुरुष दुसऱ्या दिवशी नवे लग्न करू शकत असे आणि बाईला मात्र वर्षाचा मोठा सण पार पडेपर्यंत थांबावे लागे.

विधवेची स्थिती याहून कठीण होती. नवरा मेल्यावर ती नवऱ्याच्या कुळाच्या ताब्यात असल्यासारखी राही. तीन-चार वर्षे सुतक पाळायचे, केस विंचरायचे नाहीत, सणासमारंभाला जायचे नाही. नवऱ्याच्या बहिणींनी किंवा कुळातल्या इतरांनी मन मोठे करून तिला आधी मोकळे केले तर ठीक. त्यांच्या संमतीवाचून तिने दुसरा संसार मांडला, तर तो व्यभिचार ठरे.

व्यभिचाराची शिक्षा क्रूर होती. नवऱ्याच्या कुळातली माणसे काठ्या घेऊन जमत, गुन्हेगारांना बेदम मारत आणि त्यांचे कान कापत. ही शिक्षा स्त्री आणि पुरुष दोघांनाही होती, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल. एकदा काठ्या खाली ठेवल्या की मात्र प्रकरण तिथेच मिटले. पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी कोणी हात उगारायचा नाही.

नवा अग्नी, जुन्या गुन्ह्यांना माफी

आता ज्या सणाचा वर उल्लेख आला, त्याकडे वळू. मस्कोगी लोक त्याला ‘पोस्किता’ म्हणजे उपवास म्हणतात. हा कोवळ्या मक्याचा सण. उन्हाळ्यात नवा मका तयार झाला की तो येई. लहान गावांत चार दिवस, मोठ्या गावांत आठ दिवस चाले. तो होईपर्यंत नव्या मक्याचा दाणा तोंडात घालायचा नाही.

सणाआधी घरे झाडून-सारवून स्वच्छ होत. जुनी, फुटकी भांडीकुंडी टाकून दिली जात. गावातल्या साऱ्या चुली विझवल्या जात. पुरुष उपवास करून कडू औषधी काढे पीत. मग चौकाच्या मध्यभागी चार दिशांना तोंड करून चार ओंडके मांडले जात आणि लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी पेटवला जाई. त्याच अग्नीतून बायका आपापल्या चुलीसाठी विस्तव घरी नेत.

आणि या नव्या अग्नीबरोबर वर्षभरातले सारे गुन्हे माफ होत. अपवाद फक्त खुनाचा. व्यभिचार करून रानात पळालेला माणूस सणापर्यंत सापडला नाही, तर तो उजळ माथ्याने गावात परत येऊ शकत असे. भांडणे, देणीघेणी, अपमान, सगळे जुन्या राखेबरोबर गेले असे धरायचे. माफ झालेली गोष्ट पुन्हा उकरून काढणे हाच अपराध मानला जाई.

वाचकहो, शेजाऱ्याशी, सख्ख्या भावाशी एका बांधावरून किंवा नळाच्या पाण्यावरून वीस वीस वर्षे अबोला धरणारी माणसे आपण पाहतो. वर्षातून एक दिवस सगळ्या गावाने एकत्र येऊन जुने हिशेब पुसायचे, ही रीत कायद्याचा भाग म्हणून पाळणारा समाज आम्हाला फार शहाणा वाटतो. लहानशा गावात माणसांना रोज एकमेकांची तोंडे पाहायची असतात. तिथे गुन्हेगाराला कोंडून ठेवण्यापेक्षा त्याला पुन्हा माणसांत आणणे अधिक गरजेचे असते, हे त्यांनी ओळखले होते.

परक्याच्या हुकमावरून दिलेली शिक्षा

मग हा न्याय बदलला कसा? गोऱ्यांच्या वस्त्या जवळ सरकू लागल्या. घोडे चोरीला जाणे, खून, सीमेवरच्या चकमकी यांचे खटले वाढले. अमेरिकन सरकारला कुळाकुळाशी बोलणी करायची नव्हती. त्याला एक जबाबदार सत्ता हवी होती. हॉकिन्सने सर्व गावांची एक राष्ट्रीय परिषद मजबूत करण्याचा आणि तिच्या हाताखाली कायदा राबवणारे शिपाई ठेवण्याचा आग्रह धरला.

याची पहिली मोठी किंमत लवकरच मोजावी लागली. १८१२ आणि १८१३ साली काही क्रीक लोकांनी सीमेवर गोऱ्या वसाहतवाल्यांना ठार केले. हॉकिन्सने शिक्षेची मागणी केली. परिषदेने माणसे पाठवून लिटल वॉरियर नावाच्या सरदाराला आणि इतरांना ठार मारले. परिषदेच्या दृष्टीने ही शिक्षा होती. मेलेल्यांच्या कुळांच्या दृष्टीने तो आपल्याच लोकांनी परक्याच्या हुकमावरून केलेला खून होता. जमिनीच्या आणि धर्माच्या प्रश्नावरून असंतोष आधीच खदखदत होता, त्यात ही ठिणगी पडली आणि क्रीक लोकांत यादवी पेटली. बंडखोरांना ‘लाल काठीवाले’ म्हणत. अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने, ज्यात क्रीक आणि चेरोकी सहकारीही होते, २७ मार्च १८१४ रोजी हॉर्सशू बेंड येथे त्यांचा पाडाव केला. एका दिवसात आठशेहून अधिक लाल काठीवाले मारले गेले. त्यानंतरच्या तहात दोन कोटी एकरांहून जास्त जमीन गेली आणि त्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही जमीन होती!

यानंतर परिषदेने कायदे लेखी करायला घेतले. १८१८ आणि १८२५ च्या लेखी कायद्यांत खुनासाठी फक्त खुन्यालाच, तेही चांगला पुरावा असेल तरच, शिक्षा द्यावी असे ठरले. अपघाताने झालेला मृत्यू खुनाहून वेगळा धरला गेला. निरपराध भावाचा जीव वाचला, ही निःसंशय मोठी सुधारणा होती. त्याच वेळी बापाची मालमत्ता मुलांकडे जावी असा नियम आला आणि आईच्या कुळाची पकड सैल होऊ लागली.

जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड

या परिषदेने एक कायदा फार कडक केला होता. परिषदेच्या संमतीशिवाय जो कोणी राष्ट्राची जमीन विकेल, त्याला मृत्युदंड. कारण जमीन एका माणसाची नव्हती, सर्वांची होती.

१२ फेब्रुवारी १८२५ रोजी विल्यम मॅकिंटॉश या बड्या सरदाराने मूठभर साथीदारांसह इंडियन स्प्रिंग्ज येथे तह करून जॉर्जियातील क्रीक जमीन अमेरिकेला देऊन टाकली. मोबदल्यातून त्याच्या पदरात घसघशीत रक्कम पडायची होती. मॅकिंटॉशचा बाप स्कॉटिश, आई क्रीक, म्हणून तो आईकडून पुरा क्रीक. जॉर्जियाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप हा त्याचा बापाकडून भाऊबंद. पूर्वी परिषदेचे कायदे राबवणाऱ्यांत मॅकिंटॉश स्वतः पुढे होता. कायदा काय आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते.

परिषदेने निर्णय दिला. ३० एप्रिल १८२५ च्या पहाटे मेनावा या सरदाराच्या नेतृत्वाखाली शे-दोनशे माणसांनी मॅकिंटॉशच्या घराला वेढा घातला. मेनावा हा हॉर्सशू बेंडला जबर जखमी होऊन वाचलेला योद्धा. घरातल्या बायका, मुले आणि मुक्कामाला असलेले गोरे यांना आधी बाहेर येऊ दिले. मग घराला आग लावून मॅकिंटॉशला गोळ्या घातल्या.

ट्रूप संतापला. पण ओपोथले योहोलो या वक्त्याच्या पुढारपणाखाली क्रीक प्रतिनिधी वॉशिंग्टनला गेले आणि तो तह लाचखोरीचा आहे, हे त्यांनी ठासून मांडले. जानेवारी १८२६ मध्ये नव्या तहाने जुना तह रद्द झाला. सिनेटने मंजूर केलेला इंडियन लोकांशी झालेला तह रद्द होणे ही जवळजवळ न घडणारी गोष्ट होती. जमीन मात्र वाचली नाही. नव्या तहातही जॉर्जियातील बहुतेक जमीन गेली. १८३२ च्या तहानंतर अलाबामातील उरलेली जमीन सट्टेबाजांनी लुबाडली आणि १८३६-३७ मध्ये हजारो क्रीक लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात हाकलले गेले. काहींच्या हातापायांत बेड्या होत्या. वाटेत थंडीने, रोगाने आणि बोटीच्या अपघाताने असंख्य माणसे मेली. ३१ ऑक्टोबर १८३७ रोजी ‘मॉनमथ’ नावाची वाफेची बोट बुडाली, त्यात एका रात्रीत सुमारे तीनशे जण गेले.

तरी न्याय त्यांनी मागे टाकला नाही. लोचापोका गावच्या लोकांनी आपल्या जुन्या अग्नीची राख त्या साऱ्या वाटेवर जपून नेली आणि १८३६ साली एका ओक वृक्षाखाली नवा अग्नी पेटवला. त्या जागेभोवतीच पुढे टल्सा हे मोठे शहर वाढले. तो वृक्ष आजही तिथे उभा आहे.

कूळ नसलेली माणसे

इथवर वाचून क्रीक लोकांबद्दल कोणाच्याही मनात आदर निर्माण होईल. आमच्याही मनात तो आहे. पण इथे थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल.

ज्या समाजात न्याय कुळाकडून मिळतो, तिथे ज्याला कूळच नाही त्याचे काय? त्याला कोणी मारले तर सूड घेणारे कोणी नाही, भरपाई मागणारे कोणी नाही. जुन्या काळी युद्धात पकडून आणलेल्या माणसाला एखाद्या कुळाने दत्तक घेतले तर तो जगला. नाहीतर तो कोणाचाच नव्हता. पुढे गोऱ्यांचे पाहून अनेक धनवान क्रीक लोकांनी आफ्रिकी गुलाम विकत घेतले. क्रीक आई आणि काळा बाप असे असेल तर मूल आईच्या कुळाचे, पुरे क्रीक. पण आईच गुलाम असेल तर मुलाला कूळ नाही, आणि कूळ नाही म्हणून न्यायही नाही.

लेखी कायदे आले तेव्हा ही विषमता पुसली जायला हवी होती. उलट ती शाईने पक्की झाली. काळ्या माणसाने क्रीक माणसाला मारले तर त्याला मृत्यू, आणि क्रीक माणसाने काळ्या गुलामाला मारले तर गुलामाच्या मालकाला त्याची किंमत द्यायची. किंमत मालकाला, मेलेल्याच्या आईला नव्हे!

गुन्हा एकच, पण जन्म पाहून शिक्षा निराळी. असा कायदा आमच्या वाचकांना नवा नाही. अशाच कायद्याच्या पोथीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली क्रीक राष्ट्राशी नवा तह झाला. त्यात पश्चिमेकडची निम्मी जमीन गेली. पण त्याच तहाने गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना क्रीक नागरिकांचे पूर्ण हक्क दिले. या बोलण्यांत कौ टॉम आणि हॅरी आयलंड हे काळे दुभाषे होते. आपल्या माणसांचा शब्द त्यांनी राखला.

दिलेला शब्द हाच तुरुंग

१८६७ साली क्रीक राष्ट्राने लेखी संविधान स्वीकारले. मिकोंचे एक सभागृह आणि लढवय्यांचे दुसरे. जुनी गावेच मतदारसंघ झाली आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या तीन गावांनाही प्रतिनिधी मिळाले. देशाचे सहा जिल्हे पाडले. प्रत्येक जिल्ह्याला एक न्यायाधीश, आणि कायदा राबवायला एक कॅप्टन व चार घोडेस्वार. या घोडेस्वार दलाला ‘लाइट हॉर्स’ म्हणत. सर्वांत वर पाच न्यायाधीशांचे उच्च न्यायालय. १८७८ साली ओकमल्गी येथे दगडी परिषदगृह बांधले गेले.

शिक्षा जुन्या पद्धतीच्या राहिल्या. पहिल्या चोरीला ५० फटके, दुसऱ्या चोरीला १००, तिसऱ्या वेळी मृत्यू. तुरुंग तेव्हाही नव्हता. मृत्युदंड झालेल्या माणसाला घरची कामे उरकण्यासाठी त्याच्या शब्दावर मोकळे सोडत, आणि ठरलेल्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी गोळी खायला हजर होई, असे त्या काळचे अनेक वृत्तान्त सांगतात. आपण पळालो तर आपल्या माणसांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही जुनी कुळाची शिकवण त्याच्या रक्तात भिनलेली होती.

पण या न्यायालयांना गोऱ्या माणसावर हात टाकता येत नव्हता. गोरा गुन्हेगार अमेरिकन न्यायालयाकडे जाई. आणि गोऱ्यांची गर्दी तर रोज वाढत होती. अखेर १८९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कर्टिस कायदा करून क्रीक न्यायालये बंद केली. सामाईक जमिनीचे तुकडे करून माणशी वाटणी सुरू झाली. चित्तो हार्जो या पुढाऱ्याने तहाचा शब्द पाळा, एवढेच म्हणत हिकरी ग्राउंड येथे जुन्या पद्धतीचे सरकार पुन्हा उभे केले. जानेवारी १९०१ मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडण्यात आले. १९०७ साली ओक्लाहोमा हे राज्य झाले. क्रीक राष्ट्र आता नावापुरते उरले, असे सर्वांनी धरून चालले.

पुन्हा उभे राहिलेले न्यायालय

परंतु क्रीक लोकांनी तसे धरले नाही. चौकातले अग्नी विझले नव्हते. दर उन्हाळ्यात पोस्किता होतच होता. १९७९ साली राष्ट्राने नवे संविधान केले. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मान्य केले की या राष्ट्राला आपली न्यायालये चालवण्याचा हक्क आहे. नव्वद वर्षांनी दार पुन्हा उघडले.

९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की १८६६ च्या तहाने ठरलेली क्रीक राष्ट्राची सीमा काँग्रेसने कधीच रद्द केलेली नाही. सुमारे ३० लाख एकरांच्या या प्रदेशात टल्सा शहराचा बहुतेक भाग येतो. तेथे इंडियन माणसावरील गंभीर गुन्ह्याचा खटला ओक्लाहोमा राज्याला चालवता येणार नाही, असे ठरले. क्रीक न्यायालयांवर आजही मर्यादा आहेत. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद देता येते. पण सुमारे लाखभर नागरिकांचे हे राष्ट्र आज आपले पोलीस, वकील आणि न्यायाधीश बाळगून आहे. आणि त्या पोलीस दलाचे नाव जुनेच आहे, लाइट हॉर्स.

खरी कसोटी

परक्यांच्या न्यायालयात जिंकणे ही एक कसोटी झाली. दुसरी कसोटी घरातली होती आणि ती अधिक अवघड होती.

जमीन वाटपाच्या वेळी सरकारी अधिकाऱ्यांनी दोन याद्या केल्या होत्या. एक ‘रक्ताने क्रीक’ असलेल्यांची, दुसरी मुक्त केलेल्या काळ्या लोकांची. ज्यांच्यात दोन्हीकडचे रक्त होते, अशा पुष्कळांना चेहरा पाहून दुसऱ्या यादीत टाकले गेले. १९७९ च्या संविधानाने नागरिकत्व फक्त पहिल्या यादीच्या वंशजांना दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यांचे पूर्वज क्रीक भाषा बोलले, त्याच खडतर वाटेवरून बेड्यांत चालत आले, परिषदेत बसले, ते एका ओळीने परके झाले. ज्याला कूळ नाही त्याला न्याय नाही, हे जुने दुखणे नव्या संविधानात पुन्हा डोके वर काढून उभे राहिले.

दोन वंशजांनी अर्ज केला. तो फेटाळला गेला. ते अमेरिकेच्या न्यायालयात नव्हे, क्रीक राष्ट्राच्याच न्यायालयात गेले. २०२३ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्राच्या सरकारने अपील केले. जुलै २०२५ मध्ये क्रीक राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १८६६ च्या तहाने दिलेले नागरिकत्व काढून घेता येत नाही. ज्या तहाच्या जोरावर आपण आपली सीमा राखली, त्याच तहातले दुसरे वचन आपल्याला नको म्हणता येणार नाही, हा त्या निकालाचा सरळ अर्थ आहे.

या निकालावरून राष्ट्रात तीव्र मतभेद आहेत. नागरिकत्व कोणाला द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपलाच असला पाहिजे, असे म्हणणारे अनेक आहेत आणि ज्यांचे सगळे लुटले गेले त्यांना तसे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु आम्हाला या निकालाचे मोल फार वाटते. बाहेरच्याकडून आपला हक्क मागणारा समाज आपल्यातल्याच दुबळ्याला हक्क देतो की नाही, यावरूनच त्याचा न्याय पारखला जातो. मस्कोगी न्यायाधीशांनी ही पारख स्वतःच्या घरात केली, कोणाच्या हुकमावरून नव्हे.

जुन्या क्रीक गावात नवा अग्नी पेटला की प्रत्येक घरची बाई त्यातला विस्तव आपल्या चुलीसाठी नेत असे. तो विस्तव गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचला तरच सण पुरा झाला, असे म्हणायचे. न्यायाचेही तसेच आहे.